ऋण, कर्ज आणि अब्रू

देण्याला मराठीत दोन शब्द आहेत: ऋण आणि कर्ज. पहिला संस्कृतातून आला, दुसरा अरबीतून फारसीच्या वाटेने. कोशात दोघांचा अर्थ जवळजवळ एकच सापडेल. पण बोलण्यात आपण त्यांची गल्लत कधी करीत नाही. सत्काराला उत्तर देणारा माणूस हात जोडून म्हणतो, "मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो." तेथे "मी आपल्या कर्जातच राहू इच्छितो" असे कोणी म्हणाले, तर सभा हसेल, आणि सभेत एखादा खरा धनको बसला असेल तर तो उठून उभा राहील. ऋण मिरवता येते, कर्ज लपवावे लागते. भाषेने केलेला हा भेद बारीक आहे, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेढीवर नव्या वहीला कुंकू लावले जात असताना त्याचा विचार करायला हरकत नाही.

या विचाराला निमित्त आहे ते शिक्षणाच्या कर्जाचे. आपल्या जुन्या धर्मविचारात माणूस जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे: देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. यांतले ऋषिऋण फेडायचे कसे? तर अध्ययन करून. म्हणजे शिकणे ही ऋणाची फेड होती. आज नायगाव तालुक्यातला मुलगा शिकायला निघतो तेव्हा गोष्ट नेमकी उलटी होते. फेड म्हणून जे करायचे, तेच करण्यासाठी त्याला कर्ज काढावे लागते. ऋषिऋण फेडता फेडता तो एका वित्त कंपनीचे कर्ज डोक्यावर घेतो.

हे असे एकाएकी झालेले नाही. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि शिक्षणात मागे राहिला होता. स्वामी रामानंद तीर्थांनी नांदेडला संस्था काढली, तिचे पीपल्स कॉलेज १९५० साली सुरू झाले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले. त्या पिढीतले शेतकऱ्यांचे मुलगे वसतिगृहात राहून, वार लावून, कोणाच्या तरी आधाराने शिकले. त्यांच्यावर समाजाचे ऋण होते, पण दाराशी उभा राहणारा धनको नव्हता. पुढे इंजिनियर व डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांची संख्या वाढली. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे जागा वाढल्या हे खरे. परंतु खर्चाचा भार सरकारच्या खांद्यावरून बापाच्या खांद्यावर आला. २००१ साली बँकांच्या संघटनेने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली आणि त्या भाराला हप्त्याचे रूप मिळाले. बँकेत जेथे तारणापाशी घोडे अडते, तेथे खाजगी वित्त कंपनी पुढे येते. ती कागद लवकर करते आणि व्याज बहुधा जास्त घेते.

आता एका घराचे चित्र कल्पनेने उभे करू. नाव कशाला हवे? अशी घरे नायगावात आहेत, मुखेडात आहेत, अहमदपुरात आहेत. चार एकर कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर. मुलगा हुशार. पुण्याला दोन वर्षांचा पुढचा अभ्यासक्रम करायचा म्हणून कंपनीकडून आठ लाख रुपये घेतले. सहकर्जदार म्हणून वडिलांनी सही केली. व्याज शेकडा बारा. सारी रक्कम सुरुवातीलाच उचलली, आणि शिक्षणाची दोन वर्षे व नंतरचे एक वर्ष मिळून तीन वर्षे हप्ता नाही असे धरू. एवढ्या काळात सरळ व्याजानेच दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार चढतात. मग दहा लाख अठ्ठ्याऐंशी हजारांची दहा वर्षांत फेड करायची, तर महिन्याचा हप्ता सुमारे पंधरा हजार सहाशे. दहा वर्षांत मिळून भरायचे सुमारे अठरा लाख त्र्याहत्तर हजार. मुलाला नोकरी लागते, दीड वर्ष हप्ते बिनबोभाट जातात. मग एका सकाळी कंपनी शंभर माणसे कमी करते आणि त्यांत हा असतो. त्याचे काम वाईट होते म्हणून नव्हे. समुद्रापलीकडच्या कोणाच्या ताळेबंदात एक आकडा बसत नव्हता म्हणून.

दोन हप्ते थकतात आणि फोन सुरू होतात. आधी मुलाला, मग बापाला. नंतर अर्जात ज्यांची नावे ओळखीचे म्हणून दिली होती त्या मामाला, शाळेतल्या गुरुजींना. "काका, तुमचा भाचा पैसे बुडवून बसलाय. फोन उचलत नाही. तुम्ही भले माणूस दिसता, जरा समजवा त्याला." आवाज गोड असतो, पण तो मामाच्या कानात जे टाकतो ते संध्याकाळपर्यंत पारावर पोचते, आणि त्याचा हेतूही तोच असतो.

येथे नैतिक प्रश्न काय आहे? पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे: मुलाने हे पैसे फेडले पाहिजेत काय? माझे उत्तर, होय. कंपनी श्रीमंत आहे म्हणून देणे कमी होत नाही. कंपनीने वाटलेला पैसाही कोठून तरी आलेला असतो. बँकेच्या कर्जामागे तर एखाद्या निवृत्त शिक्षकाची ठेव असते. शिवाय या मुलानंतर कर्ज मागायला जाणारा दुसरा मुलगा आहे. आधीच्यांनी फेडले नाही तर त्याच्यासाठी दार बंद होते. "सगळेच बुडवतात" हे वाक्य पारावर कितीही गोड लागले, तरी त्याने कोणाचे देणे फिटत नाही. शब्द दिला, तो पाळायचा.

पण शब्द कशाचा दिला होता? पैशांचा. कराराच्या कागदावर रक्कम असते, व्याजाचा दर असतो, मुदत असते, दंड असतो. बापाची मान, आईची झोप, बहिणीचे ठरत आलेले लग्न यांचा उल्लेख कोठेही नसतो. जी वस्तू तारण म्हणून लिहून दिली नाही ती जप्त करण्याचा अधिकार धनकोला कोठून आला? शेत तारण नसेल तर शेताला हात लावता येत नाही, हे कोणालाही पटते. अब्रू तारण नसताना तिला हात लावता येतो, हे मात्र आपण जणू गृहीत धरून चाललो आहोत.

तगादा ही काही आजची गोष्ट नाही. पेशवाईच्या अखेरीस एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याच्या पायऱ्या वर्णिलेल्या आहेत: साध्या मागणीपासून माणसाला घरात कोंडून डोक्यावर धोंडा ठेवण्यापर्यंत. धरण्याची चालही होती. धनको ऋणकोच्या दाराशी उपाशी बसे, आणि तो उठेपर्यंत घरातल्यांनाही घास घेता येत नसे. १८६० च्या दंडसंहितेत या धरण्याला गुन्हा ठरवावे लागले. प्रथा क्रूर होती यात शंका नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट अशी होती की जी आज उरलेली नाही. धरणे धरणारा स्वतः उपाशी राहत असे. दुसऱ्याला पिळायचे तर स्वतःचेही काही पणाला लावावे लागे, आणि दोघे समोरासमोर असत. आज फोन करणाऱ्याचे काही पणाला लागलेले नसते; त्याचा चेहरा दिसत नाही, नावही खरे असेलच असे नाही.

मात्र आजच्या या फोनवाल्यालाही आपण राक्षस समजू नये. बहुधा तो पंचविशीतला पदवीधर असतो. नांदेडचा किंवा लातूरचाही असू शकतो. त्याला वसुलीवर दलाली मिळते आणि वसुली झाली नाही तर त्याचीही नोकरी जाते. शिक्षणासाठी त्यानेही कर्ज काढलेले असेल. एका कर्जदार मुलाला दुसऱ्या कर्जदार मुलाच्या अंगावर सोडून ज्यांनी आपले हात स्वच्छ ठेवले आहेत, जबाबदारी त्यांची आहे. कायद्याचा कलही तसाच आहे. १२ ऑगस्ट २०२२ च्या पत्रकाने रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की वसुली एजंटाच्या वागणुकीला बँक किंवा वित्त कंपनी स्वतः जबाबदार राहील. सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर थकलेल्या कर्जासाठी फोन करायचा नाही. धमकी द्यायची नाही. चारचौघांत पाणउतारा करायचा नाही. आणि कर्जदाराच्या कुटुंबीयांच्या, मित्रांच्या व अर्जात नावे दिलेल्यांच्या खाजगी आयुष्यात शिरायचे नाही. मामाला केलेला तो गोड फोन यांपैकी शेवटच्या मर्यादेच्या पलीकडचा आहे.

शब्द पाळायचा, हे वर म्हटले. पण ज्याच्याजवळ आज नाहीच, त्याने तो पाळायचा कसा? येथे न देणाऱ्यांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एकाजवळ असते आणि तो देत नाही. दुसऱ्याजवळ नसते म्हणून तो देऊ शकत नाही. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, दोघांच्याही खात्यावर थकबाकी असते. पण पहिली लबाडी आहे, दुसरी नादारी. लबाडीला लाज हवी. नादारीला लाज कशाची? ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हाच भेद निकालाचा पाया केला. केवळ देणे थकले म्हणून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून तो अप्रामाणिकपणे टाळतो आहे हे दिसले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. गरीब असणे हा गुन्हा नव्हे, हे शिकायला आपल्याला किती काळ लागला पाहा. हैदराबाद संस्थानात तेलंगणाच्या बाजूला, म्हणजे आपल्या नायगावपासून फार दूर नव्हे, भगेला नावाची पद्धत होती. कर्ज फिटेपर्यंत माणूस धनकोच्या शेतावर राबे, आणि ते फिटत नसे. १९३६ साली संस्थानाला तिच्यावर कायदा करावा लागला. सबंध देशात वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. धनकोचा हात माणसाच्या शरीरावरून असा हळूहळू उचलला गेला. त्याच्या अब्रूवरून तो अजून उचलला जायचा आहे.

या संदर्भात १८७५ सालची आठवण होते. पुण्याजवळ भीमथडीत सुपे गावी १२ मे रोजी बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचे लक्ष मुख्यतः कशावर होते? सावकाराच्या तिजोरीपेक्षा त्याच्या रोख्यांवर, खतांवर. त्यांनी कागद जाळले. त्या कागदांत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते आणि मूळ रकमेचे इतके कसे झाले हे कोणी सांगत नव्हते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला सांगितले आणि देण्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद केले. आपल्या परंपरेत दामदुपटीचा नियमही होता: एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येणार नाही. आजच्या बँका आणि कंपन्या यांचा हिशेब त्या नियमाने चालत नाही. महाराष्ट्राने २०१४ साली सावकारीवर कडक कायदा केला. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली केरळ व गुजरातच्या प्रकरणांत सांगितले. म्हणजे गावच्या सावकाराला एक कायदा आणि शहरातल्या कंपनीला दुसरा. शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलाला आता कागद वाचता येतो, एवढाच १८७५ नंतरचा मोठा फरक. तो त्याने वापरला पाहिजे.

आणखी एक उलटापालट लक्षात घेण्यासारखी आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे हिंदू कायद्यात पवित्र कर्तव्य मानले जाई. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि केवळ त्या धर्मकर्तव्याच्या आधारावर नव्या कर्जासाठी मुलावर दावा लावणे बंद झाले. म्हणजे मुलगा बापाच्या कर्जातून मोकळा झाला. आणि त्याच सुमारास शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर बाप मुलाच्या कर्जात बांधला जाऊ लागला. पहिले बंधन धर्माचे होते, दुसरे सहीचे आहे. सही केली तेव्हा बापाच्या मनात कर्ज नव्हते, मुलगा होता. म्हणून तगाद्याचा फोन आला की त्याला पैशांची मागणी ऐकू येत नाही. आपला मुलगा खोटा निघाला असा निकाल ऐकू येतो. घराघरांत जी आग लागते ती येथून लागते.

तेव्हा करावे काय? कर्जदाराचे पहिले कर्तव्य, लपू नये. नोकरी गेली त्याच महिन्यात कंपनीला लेखी कळवावे: नोकरी गेली आहे, हे तिचे पत्र, सध्या इतके देता येईल, हप्ता कमी करून मुदत वाढवावी. कंपनी मान्य करीलच असे नाही. पण त्या एका पत्राने आपण लबाडांच्या रांगेतून नादारांच्या रांगेत येतो. माणूस फोन बंद करून बसतो तेव्हा नकळत दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद खरा करतो. दुसरे, वसुलीला आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र मागावे, रोख रक्कम त्याच्या हातात देऊ नये, आणि धमकी आली तर दिवस, वेळ व शब्द लिहून ठेवावेत. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही. प्रत्यक्ष धमकी असेल तर पोलीस ठाणे आहेच. लोकअदालतीची नोटीस आली की घरात रडारड होते. ती अटकेचे वॉरंट नसते, तडजोडीचे बोलावणे असते, आणि तेथे तडजोड पटली नाही तर नाही म्हणता येते. मात्र न्यायालयाचा खरा समन्स आला तर तो फेकू नये. वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे विचारावे. न वटलेल्या धनादेशाची गोष्ट वेगळी आहे. तेथे फौजदारी कायदा येतो, म्हणून पुढच्या तारखेचे धनादेश घाबरून लिहून देऊ नयेत.

बापाचे कर्तव्य याहून अवघड आहे. "आम्ही तुझ्यासाठी इतके केले" हे वाक्य त्याने या दिवसांत गिळले पाहिजे. ते खोटे आहे म्हणून नव्हे. खरे आहे आणि मुलाला ते पाठ आहे म्हणूनच. ज्या मुलाला बाहेर धनको आहे, त्याला घरात आणखी एक धनको झेपत नाही. आपल्या मराठवाड्याने कर्जापायी गेलेली माणसे पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतले बरेच जण रकमेपेक्षा रकमेच्या बोभाट्याने खचले असतील, असे मला वाटते. आठ-दहा लाखांचे देणे ही पंधरा वर्षांची अडचण असते. जीव ही त्या हिशेबात मांडायची रक्कमच नव्हे.

उरले आपण, मामा, गुरुजी, शेजारी, पारावर बसणारे. या सगळ्या यंत्रणेत आपली जागा कोठे आहे? तगादेवाला नायगावला येत नाही. शंभर कोसांवरून तो एक फोन करतो आणि उरलेले काम आपण करतो. "कळले का, अमक्याच्या पोराचे" असे आपण म्हणतो तेव्हा त्याची वसुली बिनपगारी पुढे चालू होते. अब्रू ही एकट्या माणसाजवळ नसतेच. ती गावाच्या तोंडात ठेवलेली असते. म्हणूनच ती जप्त करण्यासाठी गावाचे तोंड हवे असते. ते आपण द्यायचे की नाही, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेचा नाही, न्यायालयाचाही नाही. मामाने फोनवर एवढेच म्हणायचे, "त्याचा व्यवहार त्याच्याशी बोला, मला पुन्हा फोन करू नका," आणि मग ती गोष्ट स्वतःच्या बायकोलाही न सांगता पोटात ठेवायची. नंतर जमले तर भाच्याकडे जाऊन विचारायचे, जेवलास का?

हे काही मोठे दान नव्हे. पण सुरुवातीला सांगितलेल्या दोन शब्दांतला भेद येथे कामाला येतो. कंपनीचे ते कर्ज आहे. मुलाने ते रुपया रुपया करून, वेळ लागला तरी, फेडावे आणि खाते बंद झाल्याचा कागद घ्यावा. मामाच्या त्या न बोलण्याचे मात्र ऋण होते, आणि त्याला हप्ता नसतो. या दिवाळीत पुण्याहून, हैदराबादहून काही मुले गावी येणार नाहीत. विचारले तर कामाचे कारण सांगतील. त्यांतल्या काहींना काम नाही हे आपल्याला ठाऊक असेल. नोकरीचे काही न विचारता त्यांना फोन करावा आणि फराळ निवायच्या आत या, एवढेच सांगावे.